वखारीच्या वाटेवरची ज्वारी

दुपारी शंटिंग झालं नाही आणि लीला जागीच राहिली. सुमंगलाला आधी वाटलं, ढेकूण चावला असेल. तिने पोरीला पाळण्यातून उचललं, दुपट्याच्या घड्या चाचपल्या, मानेखालून बोट फिरवलं, काही नव्हतं. लीला रडतही नव्हती. डोळे टक्क उघडे आणि मान खिडकीकडे. खिडकीबाहेर कडुलिंबाची झाडं, झाडांपलीकडे मालधक्का, धक्क्याला लागून मोकळे रूळ. रोज या वेळेला इंजिन मागे सरकत यायचं, पहिल्या डब्याला धडक बसायची, ती धडक या डब्याकडून त्या डब्याकडे जात जात पार सिग्नलपाशी विरायची, आणि ती विरता विरता लीलाची मूठ सैल पडायची. गेल्या पावसाळ्यात जन्मल्यापासून पोर याच आवाजावर निजत आली होती. आज आवाजाची वेळ येऊन निघून गेली, आणि तिला कुणी निजवलंच नाही.

सुमंगला पोरीला खांद्यावर घेऊन खिडकीत उभी राहिली. चैत्राचं ऊन रुळांवरून वर उठत होतं. धक्क्यावर हमाल पोती अंथरून पडले होते, पोत्यांत काही नव्हतं. नवी नवरी म्हणून ती या परभणीच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा याच आवाजाने पहिल्या रात्री किंचाळून उठली होती. गोविंदराव हसले होते. ते मालधक्क्यावरचे क्लार्क. आवाजाला भिणारी बायको त्यांना नवलाची वाटली असावी. मग त्यांनी तिला शिकवलं होतं, जसं दुसरा कुणी नवरा गाणं शिकवेल: "नीट ऐक. भरलेला डबा पोटातल्या पोटात बोलतो. रिकामा असला की भांड्यासारखा वाजतो." महिन्याभरात तिला भाकरी थापता थापता कळायला लागलं होतं, कापसाच्या गाठी चढल्या की करडीची पोती, का नुसतेच डबे ढकलतायत. कोरियाच्या लढाईच्या दिवसांत तर आवाज पोटातून कधी वर आलाच नव्हता. सगळे डबे भरलेले, सगळे शेट हसरे. मग भाव पडले. लढाई कुठल्या कुठे, भाव कुणाचे, आणि आता इथे या खोलीत एक पोर उघड्या डोळ्यांनी पडून. सुमंगलाला त्या दोन टोकांमधली वाट दिसत नव्हती. तिला नुसती शांतता ऐकू येत होती, आणि तशी शांतता तिने पूर्वी एकदा ऐकली होती. राणीसावरगाव सोडलं ती पहाट. रझाकारांच्या धाकानं गावातली बरीच घरं हद्दीबाहेर निघाली होती. वडील शाळामास्तर. त्यांनी बैलांच्या गळ्यातले घुंगूर काढून आईच्या मांडीवर दिले, आईने ते जुन्या लुगड्यात गुंडाळले, आणि मग गाडी चालली तरी चालल्यासारखी वाटेना. गाडीत बसायच्या आधी आईने विचारलं होतं, "ज्वारी घेऊ का थोडी?" आणि वडील मायेनं म्हणाले होते, "कशाला ओझं? आठ दिवसांत तर परत यायचंय." आईने दोन लुगडी घेतली. पांघरूण घेतलं नाही. परमुलखातल्या एका देवळाच्या ओवरीत थंडी आली, पाठोपाठ ताप, आणि पोलीस ॲक्शन होऊन गाव मोकळं झालं तेव्हा परत यायला आई नव्हती.

"निजली न्हाई व्हय?" परसाच्या दारातून कडूबाईचा आवाज आला. काखेत सूप, हातात केरसुणी. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पुढचा एक दात पडलेला. तिने सूप उपडं करून दाखवलं. उपड्या सुपातून खाली पडायला काही नव्हतं. "बगा. ह्येच्यात येक चिमनी जेवायची न्हाई."

धक्क्यावरची झाडण कडूबाईची होती. पोती चढवताना हमालांचे आकडे लागतात, शिवण उसवते, दाणा सांडतो. तो झाडून घ्यायचा हक्क तिच्या सासूचा होता, सासूकडून तिच्याकडे आला. कागदावर कुठे नव्हतं ते. पण वखारीच्या दारापासून धक्क्याच्या पायरीपर्यंत दुसरी कुठली बाई केरसुणी टेकवायची नाही. नवरा रायभान त्याच धक्क्यावर हमाल. बाळंतपणात सुमंगलाच्या माहेरून यायला कोण होतं? कडूबाईच आली. तिनेच शेक दिला, तिनेच पोटपट्टा आवळला, आणि पाय पसरून पोरीला त्यांवर उताणी घालून पहिल्यांदा तेल तिनेच चोळलं. तेव्हापासून सकाळी झाडण आणि झाडण झाली की परसातल्या दगडावर लीलाचं न्हाणं, असा तिचा दिवस. तिचे हात खरखरीत होते आणि लीला त्या हातांत लोण्यासारखी पडून राही. सुमंगलाच्या हातांत ती कधी तशी पडली नाही. सुमंगलाला याचं वाईट वाटायला हवं होतं. उलट तिला ते बघत बसावंसं वाटायचं, जणू त्या पायांवर दोघी पडल्या आहेत.

"बाई, येत्या बाजाराला आमी जायलाव," कडूबाई म्हणाली. पोर तिने घेतलीच होती, थोपटणं सुरू होतं, त्यामुळे बोलणं पोरीशी चाललंय असंच वाटलं. "जिंतूरच्या सडकंला खडी फोडायला. गुत्तेदाराची लॉरी येनार हाय. बाईमानसालाबी काम देतो म्हनं."

"आणि झाडण?"

"कशाची झाडन? मालच न्हाई तर का रूळ झाडू?" ती हसली, पडलेल्या दातातून फुस्सकन वारा गेला. "ह्ये म्हनत्यात पुन्ना दिस येतील. मी म्हनलं, येतील तवा येतील, त्येंला सांगा आमी सडकंला हाव."

लीला निजली होती. शंटिंगशिवाय, कडूबाईच्या मांडीवर.

संध्याकाळी गोविंदराव जेवताना धक्क्याबद्दलच बोलले. दुसरं ते कधी बोलत नसत, आणि सुमंगलाने दुसऱ्या कशाची वाट बघणंही सोडलं होतं. "लोकांना वाटतं मंदी म्हणजे माल संपला. माल कुठे जातो? शेतात पिकलाय तो घराघरात, वखारीत पडलेलाच आहे. निजलाय नुसता. शेट लोक भाव चढायची वाट बघतायत. चढला की सगळे एकदम जागे होणार, आणि तेव्हा ओरडतील, डबे द्या, डबे द्या! कुठून देणार?" त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "आणि डबे नाही मिळाले की लॉरीवाले टपलेलेच आहेत. दारातून उचलतात, दारात टाकतात. मंदीत गेलेलं गिऱ्हाईक तेजीत परत येत नाही, बघ तू."

"आपली बदली होईल का हो?"

"माल आला तर कशाला होईल?" ते म्हणाले. मग पाणी पिऊन, "येईल की. आठ-पंधरा दिवसांत येईल."

तिच्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली. तोच सूर, तीच माया.

ज्वारी घरात होती. दिवाळीनंतर सासरच्या शेतातून आलेली, तिने स्वतः उन्हात वाळवून, एरंडेलाचा हात लावून, मधे मधे लिंबाचा पाला घालून कणगीत भरलेली, आई भरायची तशी. आता तळाशी वीतभरच उरली होती. दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना ती पाण्याला निघाली. रेल्वेचा नळ धक्क्याच्या पलीकडे, वाट बन्सीधर शेटच्या वखारीवरून. घागर काखेत होती आणि घागरीत ज्वारी. आपण हे करणार आहोत असं तिने रात्री ठरवलं नव्हतं. पाला वेचून ज्वारी घागरीत ओतताना मात्र ती इतकी सावकाश वागत होती, की हे फार दिवसांपासून ठरलेलं असावं. वखारीच्या दारापाशी तिने घागर तिरकी धरली. दाणे पडले त्याचा आवाज झाला, अगदी बारीक. मग चालता चालता, पोत्याला भोक असावं तशी, धक्क्याच्या पायरीपर्यंत. नळावर घागर विसळून भरली आणि ती घरी आली. लहानपणी देवापुढची साखर उचलल्यावर वाटायचं तसं वाटत होतं, त्याहून अधिक काही नाही.

कडूबाई न्हाऊ घालायला आली तेव्हा तिच्या पावलांतच फरक होता. "बाई, सांडलंय!" ती म्हणाली. सुपात ओंजळ-दीड ओंजळ, मातीतून पाखडून घेतलेली. "वखारीच्या मोऱ्हं. रातच्याला माल आत घ्यायलाय शेट." त्या दिवशी तिने लीलाला गाणं म्हटलं, अर्धं तेलाचं, अर्धं शेटच्या ढेरीचं. सुमंगला पाणी ओतत होती. तिला हसू येत होतं आणि ते पोरीचं हसू बघून आल्यासारखं दाखवता येत होतं.

मग रोज. ती दुपारी पाला वेचायची, पहाटे सांडायची. कणगीतला हात रोज थोडा खोल जायचा. एकदा जेवताना गोविंदरावांच्या फुलपात्रात ज्वारीचा एक दाणा तरंगला. घागर नीट विसळली नसणार. त्यांनी तो बोटावर घेऊन दिव्याकडे धरला. "बघ," ते खुशीत म्हणाले, "आता पाण्यातसुद्धा ज्वारी यायला लागली."

पुढचं तिच्या हातात राहिलं नाही. दुपारी खिडकीत पोरीला घेऊन बसली की लिंबाखालचं हमालांचं बोलणं तिला जसंच्या तसं ऐकू यायचं. शांततेत एवढं एक बरं होतं.

"इच्यारलं म्या शेटजीला," रायभान सांगत होता. उंच, पाठीत वाकलेला माणूस. ओझं नसतानाही ओझ्याखाली असल्यासारखा चालायचा. "म्हनलं शेटजी, वखारीत जवारी आली जनू. तर म्हनले, कुटली जवारी रं बाबा, वखारीत घुशी लोळायल्यात."

"मंग?"

"मंग काय मंग! हाय म्हनला आसता तर म्या समजलो आसतो, न्हाई. न्हाई म्हनला, म्हंजे भरली वखार."

"आन् कुलूप दाखवलं का तुला?" मुकादम आश्रुबाने विचारलं.

"कुलूप बी दाखवलं. म्हनले, उगडून बग."

"उगडून बग म्हनला?" आश्रुबा मांडी थोपटत उठला. "मंग तर लय माल हाय. लेका, रिकाम्या वखारीचा शेट उगडून बग म्हनत नसतो, रडत असतो!"

सगळे हसले. बन्सीधर शेट खरंच बोलत होता, आणि या मुलखात तेवढं एकच त्याने करायला नको होतं. दुसऱ्या दिवशी हमालांनी वर्गणी केली आणि धक्क्याच्या पायरीवर नारळ फोडला. प्रसाद क्वार्टरमध्येही आला. कडूबाईनेच आणला, खोबऱ्याचा तुकडा, वर हळदीचा डाग. गोविंदरावांनी तो कपाळाला लावून तोंडात टाकला. "शेट लोक सांगत नसतात," ते चावता चावता म्हणाले. "पण दाणा लपत नाही. मी आज वर तार केली. रिकामे डबे पाठवा म्हटलं, आताच. नांदेडवाल्यांनी मागायच्या आत." त्यांचा चेहरा उजळला होता. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा तिने असा चेहरा पाहिला होता, मग नाही. सुमंगलाने आपला तुकडा तोंडात धरून ठेवला. खोबरं जुनं होतं, जरा खवट.

बाजारच्या दिवशी सकाळी तिने कणगीत हात घातला आणि बोटांना तळ लागला. कणगीचा तळ, शेणाने सारवलेला, गार. तिने हात तसाच ठेवला. बाहेर लॉरी आली होती. सडकेवर उभी राहून भोंगा वाजवत होती. माणसं चढत होती, कुणाची तरी घमेली फळीवर आपटली. कडूबाई मात्र परसात दगडावर बसलेली, पाय पसरलेले, पायांवर लीला.

"तुम्ही गेला नाहीत?"

"कशाला जाऊ? आमी गुत्तेदाराला सांगितलं, आमची नावं काड. त्यो म्हनला, बगा, पावसाळ्याच्या आदी आता दुसरी लॉरी न्हाई. ह्ये म्हनले, नको तुजी लॉरी, आमच्या धक्क्यावर माल यायलाय." ती पोरीच्या छातीवर तेलाचा हात फिरवत होती. "खरं सांगू का बाई? माजं मन हिच्यातच हुतं. तितं खडी फोडताना हे येवडंसं आंग कुटं घावलं आसतं?"

सुमंगलाला हवं होतं ते हेच. शब्द न् शब्द हेच. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि काही क्षण तिने ते नुसतं घेतलं, उन्हात हात धरावेत तसं. कडूबाई राहणार. उद्या झाडायला जाईल तेव्हा वाट कोरी असेल. परवाही. रायभान म्हणेल, शेट हुशार झाला, पोती शिवून घेतली. पावसाळा येईल. आई त्या ओवरीत पडून एकदाच म्हणाली होती, "ज्वारी घेतली असती तर." वडिलांचं नाव घेतलं नव्हतं तिने. वडील तिथेच उशाशी बसलेले होते, तिचा हात हातात घेऊन, खरंखुरं प्रेम करणारे.

"कडूबाई, पोरीला द्या इकडे. हात धुवा आणि आत या. तुमची ओटी भरायची आहे."

"माजी वटी? आन् ती कशापाई? मी कुटं जायलेय?"

सुमंगलाने पाट मांडला. नारळ घरात नव्हता, सुपारी घेतली. मंगळागौरीला आलेला एक हिरवा खण होता, तो घेतला. मग सुपात कणगी खरवडून काढली. होतं नव्हतं तेवढं सगळं, आणि आज त्यातलं एक पानही वेचलं नाही. लिंबाचा वाळका पाला दाण्यांत तसाच राहिला. कडूबाई बावरून पाटावर बसली, पदर पसरला. सुमंगलाने कुंकवाला कुंकू लावलं. पहिली ओंजळ पदरात पडली. दुसरी. एरंडेलाचा तो जड, घरातला वास वर आला.

कडूबाईने पदरातलं एक पान उचललं. चुरलं. दाणे बोटांत चोळले, नाकाशी नेले. तिने वर पाहिलं नाही. "वाटंवरल्या जवारीला बी ह्योच वास हुता," ती म्हणाली.

"हो."

"तरीच." तिने दाणे पुन्हा पदरात सोडले. "तरीच मी म्हनायची, शेटचे हमाल येवडे कसे आंधळे. रोज येकाच रेघंनं सांडत्यात." आणि ती हसायला लागली. पडलेल्या दातावर हात ठेवून, खांदे हलवत, आवाज न करता हसली, आणि हसता हसताच पदराच्या दुसऱ्या टोकाने डोळे पुसले. सुमंगला ओंजळ तशीच धरून उभी होती. तिला वाटलं होतं, आता शिवी येईल. शिवी आली असती तर हात खाली करता आले असते.

सडकेवर भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांब. कडूबाई उठली. पदर खोचला, लीलाला सुमंगलाच्या कडेवरच दोन्ही हातांनी कुरवाळून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. "पाय पसरून बसत जावा. भ्यायचं न्हाई, पोर निसटत न्हाई," ती म्हणाली. "आन् गाडीच्या आवाजावर निजवू नका. सवय चांगली न्हाई." मग ती परसातून बाहेर पडली आणि तिथूनच तिचा आवाज चढला. "आवो! उठा! गठुडं घ्या! ए लॉरीवाल्या, थांब की रं, का मढ्याला जायलास!"

"आगं येडी का खुळी?" लिंबाखालून रायभान. "माल यायलाय न्हवं!"

"न्हाई यायला!"

"कुनी सांगितलं तुला?"

"खंडोबा सपनात आला! म्हनला, कडे, त्या वाकड्याला घे आन् सडकंला जा. चला म्हन्ते न्हवं!"

हमाल हसले. खंडोबापुढे रायभानची मात्रा चालली नाही. लॉरी निघाल्याचा आवाज सुमंगलाने आतूनच ऐकला. तो आवाज सलग होता, डब्यांच्या आवाजासारखा एकाकडून दुसऱ्याकडे जात नव्हता; नुसता लहान होत गेला.

दुपारी ती परसातल्या दगडावर पाय पसरून बसली. लीलाला पायांवर घातलं. पोर आधी ताठरली, मग इकडेतिकडे बघू लागली, मग रडायच्या बेतात आली. सुमंगलाने हात काढला नाही. तेल संपलेलं नव्हतं. ती चोळत राहिली, खांद्यापासून कोपरापर्यंत, कोपरापासून मनगटापर्यंत. लिंबाचा फुलोरा गळत होता. पोर निसटली नाही.

तेवढ्यात सिग्नलपाशी इंजिनाने शीळ घातली. धक्क्यावर पळापळ झाली. आश्रुबा ओरडला, "डबे आले रं, डबे!" आणि गोविंदराव टोपी नीट करत ऑफिसातून बाहेर आलेले तिला लिंबाच्या फटीतून दिसले. इंजिन मागे सरकलं. पहिली धडक बसली आणि ती डब्याडब्यातून निघाली, किती डबे, कितीतरी डबे, परभणीने इतके डबे एकदम कधी पाहिले नसतील. सगळे भांड्यांसारखे वाजत होते. मोठमोठ्या, घासूनपुसून पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखे. ते कशाच्या भरवशावर मागवले हे आज रात्री जेवताना त्यांना सांगायचं, पळी ठेवून, सरळ. शब्द तिला अजून सापडले नव्हते.

लीलाची मूठ सैल पडली. ती आवाजावर निजली की पायांवर, हे सुमंगलाला कळलं नाही. शेवटचा डबा सिग्नलपाशी वाजून थांबला, सगळीकडे पुन्हा शांत झालं, आणि ती पाय न हलवता बसून राहिली, पोर जागी होते का ते बघत. पोर जागी झाली नाही.